घाबरणं सोपं, थांबणं अवघड

रानात पक्षी पकडून त्यांच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्यांना फार घाई असते. जाळ्यात पक्षी अडकला की तीन मिनिटांच्या आत त्याच्या रक्ताचे थेंब घ्यावे लागतात. उशीर झाला तर त्या रक्तात पक्ष्याची रोजची अवस्था सापडत नाही. सापडते ती नुकतीच बसलेली धास्ती. मायकल रोमेरो यांनी एका सहकाऱ्यासोबत पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अनेक जातींवर ही मुदत तपासून पाहिली, आणि २००५ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून रानात काम करणाऱ्यांच्या तोंडी 'तीन मिनिटांचा नियम' पक्का बसला आहे.

या तीन मिनिटांत त्या मूठभर जिवाच्या डोक्यात जे घडतं, त्याच्या कहाण्या भन्नाट आहेत. त्यात मेंढ्या आहेत, भांग आहे, देवमाशाच्या कानातला मळ आहे आणि उपासमारीत चक्क बुटका होणारा सरडाही आहे.

ॲड्रिनलिन धावतं, कॉर्टिसॉल मागून येतं

मांजर दिसलं की उंदराच्या मेंदूतून दोन निरोप निघतात. पहिला जातो मज्जातंतूंच्या वाटेनं. मेंदू, मज्जारज्जू आणि तिथून थेट मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली अधिवृक्क ग्रंथी. तिच्या गाभ्यात ॲड्रिनलिन आधीच तयार करून साठवलेलं असतं. हुकूम आला की ते सुटतं, काळीज धडधडतं, रक्तात साखर चढते. सगळं काही सेकंदांत. हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्ये मांजरांसमोर भुंकणारे कुत्रे आणून त्या मांजरांच्या रक्तात हा स्राव पकडला होता. 'लढा किंवा पळा' ही आज सगळ्यांना ठाऊक असलेली कल्पना त्यांच्याच कामातून आली.

दुसरा निरोप रासायनिक असतो आणि तीन टप्पे ओलांडत जातो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याच्या एका कोपऱ्यातल्या मोजक्या पेशी 'सीआरएच' नावाचं द्रव्य सोडतात. ही ४१ अमिनो आम्लांची साखळी. ती खाली लोंबणाऱ्या पीयूषिका ग्रंथीला, म्हणजे पिट्युटरीला, जागं करते. पीयूषिका 'एसीटीएच' सोडते, ही ३९ अमिनो आम्लांची साखळी. ती रक्तातून वाहत अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचते आणि तिथं ताणाचं खरं संप्रेरक बनू लागतं. 'बनू लागतं' हे महत्त्वाचं, कारण या संप्रेरकाचा साठा नसतो. मागणी आली की कोलेस्टेरॉलपासून ताजं तयार करायचं. म्हणून मिनिटं लागतात, आणि म्हणूनच पक्षी पकडणाऱ्याला ती तीन मिनिटं मिळतात.

माणूस, कुत्रा, डुक्कर आणि बहुतेक मासे यांच्यात हे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. उंदीर, पक्षी, सरडे, बेडूक यांच्यात कॉर्टिकोस्टेरॉन. काम तेच. रक्तात इंधन ओतायचं आणि पचन, वाढ, प्रजनन अशी सवडीची कामं पुढं ढकलायची.

रक्त वर जातं की खाली?

हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका यांच्यामध्ये केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. १९३० मध्ये ग्रेगर पोपा आणि ऊना फील्डिंग यांनी त्याचं वर्णन केलं आणि सांगितलं की रक्त खालून वर, पीयूषिकेकडून मेंदूकडे जातं. वाहिन्या बरोबर सापडल्या होत्या, दिशा चुकली होती. इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस आणि जॉन ग्रीन यांनी जिवंत उंदराच्या कवटीत सूक्ष्मदर्शकानं डोकावून १९४९ मध्ये दाखवून दिलं की रक्त वरून खाली वाहतं. म्हणजे हुकूम देणारा मेंदू, ऐकणारी पीयूषिका. त्याआधी पीयूषिकेला सगळ्या ग्रंथींची राणी मानत. राणीच्या वरही कुणी आहे हे पटायला मात्र बरीच वर्षं जावी लागली.

मेंढ्यांची फौज विरुद्ध डुकरांची फौज

हुकूम मेंदूतून येतो हे कळलं, पण ज्या द्रव्यातून येतो ते कुणी पाहिलं नव्हतं. १९५५ पासून रॉजर गिय्मां आणि अँड्र्यू शाली हे दोघे त्याच्या मागं लागले. काही वर्षं एकाच प्रयोगशाळेत काम करून ते वेगळे झाले आणि मग विज्ञानाच्या इतिहासात गाजलेली चुरस सुरू झाली. गिय्मां कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे मेंदू गोळा करत, शाली डुकरांचे. दोघांनी मिळून लाखो हायपोथॅलॅमस दळले, गाळले आणि त्यातून काही मिलिग्रॅम द्रव्य मिळवलं. १९७७ मध्ये दोघांना नोबेलही मिळालं. पण ते थायरॉईडसारख्या इतर ग्रंथी चालवणाऱ्या द्रव्यांच्या शोधासाठी. ज्या ताणद्रव्यासाठी दोघं निघाले होते, ते दोघांच्याही हाती लागलं नाही!

ते अखेर १९८१ मध्ये सापडलं, गिय्मां यांचेच विद्यार्थी वायली वेल यांना, कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत. आणि तेही मेंढ्यांच्याच मेंदूतून. २६ वर्षं लपून राहिलेली ती साखळी म्हणजे सीआरएच. संशोधनातल्या चिकाटीचं याहून भारी उदाहरण मला तरी आठवत नाही.

सेलीचे उंदीर, मेसनची माकडं

१९३६ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून हान्स सेली नावाच्या तरुणानं 'नेचर' नियतकालिकाला एक छोटंसं पत्र पाठवलं. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, जखमा केल्या, तऱ्हेतऱ्हेची द्रव्यं टोचली. छळ वेगवेगळा, पण परिणाम सारखाच. अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, रोगांशी लढणाऱ्या पेशी जिथं तयार होतात ती थायमस ग्रंथी आकसलेली, जठरात व्रण. ताणाच्या आधुनिक अभ्यासाची ही सुरुवात. सेलींचा निष्कर्ष असा की शरीर कुठल्याही इजेला एकाच ठरावीक पद्धतीनं उत्तर देतं.

अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेतल्या जॉन मेसन यांना मात्र शंका होती. त्यांनी माकडांना उपाशी ठेवलं. शेजारच्या पिंजऱ्यातली माकडं खात होती आणि यांना काहीच नव्हतं. ताणाचं संप्रेरक चढलं. मग मेसन यांनी एक छान युक्ती केली. उपाशी माकडांना वेगळं ठेवलं आणि फळांच्या चवीच्या गोळ्या दिल्या, ज्यांत पोषण शून्य होतं. पोट उपाशीच, पण तोंड चालू आणि कुणाकडे बघून जळायचं कारण नाही. संप्रेरक चढलंच नाही.

म्हणजे भूक स्वतः मेंदूला घाबरवत नव्हती. आपल्याला मिळत नाही, ही जाणीव घाबरवत होती. शरीराला काय झालंय यापेक्षा मेंदू त्याचा काय अर्थ लावतो यावर नळ उघडायचा की नाही हे ठरतं. इथून पुढं या विषयातला जवळपास प्रत्येक गमतीदार शोध याच मुद्द्यावर उभा आहे.

चाक फिरवता आलं तर

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी उंदरांच्या जोड्या लावल्या. दोघांच्या शेपटीला एकाच वेळी, एकाच ताकदीचा विजेचा झटका. फरक एवढाच की एकापुढं चाक होतं. ते फिरवलं की दोघांचाही झटका थांबे. झटके दोघांना अगदी समान बसले, पण ज्याच्या पंजात चाक होतं त्याच्या जठरात व्रण कमी. झटक्याआधी आवाजाची सूचना मिळाली तरी फायदा होई, कारण मग सूचना नसलेला वेळ निवांत जाई.

आणखी एक शोध जरा अस्वस्थ करणारा आहे. झटका बसताना शेजारी दुसरा उंदीर असला आणि त्याच्याशी भांडता आलं, तर उंदराच्या रक्तात एसीटीएच कमी चढतं. हे १९७१ मधलं निरीक्षण. आपला ताण दुसऱ्यावर काढला की मेंदू शांत होतो, हे उंदरांतही खरं निघालं.

शिकाऱ्याचा वास, थेट वरपर्यंत

प्रयोगशाळेत जन्मलेल्या आणि पिढ्यान् पिढ्या शिकारी प्राणी न पाहिलेल्या उंदरालाही रानमांजराच्या लघवीचा वास दिला तर त्याचं संप्रेरक उसळतं. शिकवावं लागत नाही. घ्राणेंद्रियावरच्या शोधासाठी २००४ मध्ये नोबेल मिळालेल्या लिंडा बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हा मार्ग शोधून काढला. मेंदूत वास ओळखणारा भाग चांगला मोठा आहे. त्यातला एक चिमुकला तुकडा शिकाऱ्याच्या वासाची खबर सीआरएच पेशींपर्यंत पोचवतो. तो तुकडा गप्प केला की वास येऊनही संप्रेरक फारसं वाढत नाही. पण गंमत पुढं आहे. उंदीर भीतीनं गोठून उभा मात्र राहतोच. म्हणजे वागण्यातली भीती आणि रक्तातली भीती यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत.

आता खरा मुद्दा: आवरतं कोण?

घाबरायला मेंदूचा एक इवलासा कोपरा पुरतो. थांबायला मात्र बरीच यंत्रणा लागते, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच बाजू. कॉर्टिसॉल उपयोगाचं असतं ते थोडा वेळ. ते वाहत राहिलं तर स्नायू झिजतात, प्रतिकारशक्ती ढासळते, मेंदूतल्याही पेशी सोसतात. चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी जाळ ओढून घ्यावा लागतो, तसं मेंदूला वेळेवर हात घालावा लागतो.

युक्ती अशी की संप्रेरक स्वतःच परत मेंदूत जातं आणि सांगतं, 'पुरे.' हा निरोप हायपोथॅलॅमसमध्येच ऐकला जात असणार असं सगळे धरून चालले होते. १९६८ मध्ये ब्रूस मॅकइवेन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिकोस्टेरॉन उंदरांना टोचलं आणि ते मेंदूत कुठं जमतं ते पाहिलं. जमलं हिप्पोकॅम्पसमध्ये, जो भाग आठवणी सांभाळतो! ताणाला लगाम घालण्यात आठवणींच्या घराचाही हात आहे, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आणि विचार केला तर ते योग्यच आहे. हा धोका खरा आहे का, मागच्या वेळी काय झालं होतं, हे आठवल्याशिवाय आवरायचं तरी कसं?

पुढं १९८५ मध्ये नेदरलँड्सचे रॉन द क्लोएट आणि योहानेस रूल यांनी दाखवलं की मेंदूत या संप्रेरकाला पकडणाऱ्या दोन तऱ्हेच्या जागा आहेत. पहिली भलतीच चिकट, दुसरीच्या दहापट. शांत वेळच्या थोड्याशा संप्रेरकानंही ती भरलेली असते. दुसरी रिकामी राहते आणि पूर आला तरच भरते. ही दुसरी भरली की मेंदूला कळतं, आता बंद करायची वेळ झाली.

पण हा मार्ग तसा सावकाश, पेशीतल्या जनुकांपर्यंत जाणारा. तातडीची सोयही आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जेफ्री टास्कर यांच्या प्रयोगशाळेनं २००३ मध्ये उंदरांच्या मेंदूचे काप तपासले. संप्रेरक पोचताच हायपोथॅलॅमसच्या पेशी काही मिनिटांत एक खास द्रव्य सोडतात, आणि ते द्रव्य त्यांच्याकडे येणारे उत्तेजक निरोप मागच्या मागं थोपवतं. हे द्रव्य भांगेतल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या जातकुळीतलं आहे. दोघंही पेशीवरच्या एकाच कुलपात बसतात. प्राण्याचा मेंदू आपली भांग आपणच घोटतो आणि गरजेपुरतीच घेतो.

तासातासाला लाट

ताण नसतानाही हे संप्रेरक संथ वाहत नाही. उंदरात ते साधारण तासातासाला उसळतं आणि ओसरतं. शिवाय दिवसाचा वेगळा ताल असतोच. आपल्यात पहाटे-सकाळी भरती, निशाचर उंदरात संध्याकाळी. ब्रिस्टॉलच्या स्टॅफर्ड लाइटमन यांच्या गटानं या लाटांचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. लाट चढत असताना मोठा आवाज केला तर उंदराचं संप्रेरक जोरात उसळतं. ओसरत असताना तोच आवाज केला तर जवळपास काहीच नाही. तोच उंदीर, तोच गोंगाट, फक्त क्षण वेगळा.

आणि लाटा कशामुळे? हायपोथॅलॅमस ठेका धरत असेल असं वाटलं होतं. लाइटमन यांच्या गटानं उंदराला सीआरएच एकसारखं, न थांबता दिलं, तरी लाटा आल्याच. पीयूषिकेचा हुकूम आणि अधिवृक्क ग्रंथीचं उत्तर यांच्यात काही मिनिटांचा उशीर असतो. त्या उशिरातूनच ठेका जन्मतो.

बुटके होणारे इग्वाना

गॅलापागोस बेटांवर समुद्री इग्वाना राहतात. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारे हे जगातले एकमेव सरडे. त्यांच्या आयुष्यात मोठं संकट एकच, एल निनो. पाणी तापतं, खाण्याजोगं शेवाळ मरतं, उपासमार सुरू होते. मार्टिन विकेल्स्की यांना अशा काळात दिसलं की मोठे इग्वाना लांबीनं आखूड होतात, काही तर वीस टक्क्यांपर्यंत! चरबी उतरणं वेगळं, इथं अंगाची लांबीच घटते. अन्न परत आलं की पुन्हा वाढतात. पाठीचा कणा असलेल्या प्रौढ प्राण्यानं असं करावं, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

विकेल्स्की आणि तीन मिनिटांच्या नियमाचे रोमेरो यांनी मिळून याच इग्वानांवर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी ९८ प्रौढ नर पकडले आणि प्रत्येकाच्या चार गोष्टी मोजल्या. शांत असताना संप्रेरक किती? पकडल्यावर किती चढतं? जास्तीत जास्त किती चढू शकतं? आणि चढलेलं किती चांगलं उतरतं? मग सोडून दिले. काही महिन्यांनी सौम्य एल निनो आला आणि त्यात २३ नर मेले.

आता कोण मेलं? जास्त घाबरट? नाही. कमी घाबरणारे? तेही नाही. पहिल्या तिन्ही बाबतींत मेलेले आणि वाचलेले सारखेच होते. फरक फक्त चौथ्यात. ज्यांना चढलेलं संप्रेरक नीट उतरवता येत नव्हतं, ते मेले. उपासमारीत हे संप्रेरक अंगातली प्रथिनं मोडून इंधन करतं, आणि नळ बंद न करणारा प्राणी स्वतःलाच लवकर खाऊन संपवतो. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रानातल्या प्राण्याचं जगणं-मरणं मेंदूच्या ब्रेकवर ठरतं, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

याच इग्वानांची आणखी एक गोष्ट. बेटांवर शिकारी प्राणी जवळजवळ नसल्यामुळे त्यांना भीती माहीत नाही. माणसानं पाठलाग केला तरी संप्रेरक वाढत नाही. पण एकदा पकडून सोडल्यावर पुन्हा पाठलाग केला, तर वाढतं. एका अनुभवात शहाणपण येतं. २००१ मध्ये 'जेसिका' हे तेलवाहू जहाज तिथं खडकावर आदळलं. गळती तुलनेनं थोडी होती आणि बेटं वाचली असं वाटत होतं. पण सांता फे बेटावरच्या इग्वानांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेलं दिसलं आणि पुढच्या वर्षभरात तिथले ६२ टक्के इग्वाना मेले. धोक्याची सूचना रक्तानं आधीच दिली होती.

ब्रेक नसलेले बाप

ऑस्ट्रेलियात अँटेकायनस नावाचा उंदराएवढा, कांगारूच्या गोत्रातला प्राणी असतो. त्याचे नर वर्षभराचेही होत नाहीत. विणीचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, आणि त्यात नर खाणं-झोपणं कमी करून माद्यांमागं धावतात. एकेक समागम चौदा तासांपर्यंत चालू शकतो. हंगाम संपताना सगळेच्या सगळे नर मेलेले असतात. कारण? वाढत्या टेस्टोस्टेरॉनमुळे रक्तात कॉर्टिसॉलला बांधून ठेवणारं प्रथिन घटतं, मोकळं कॉर्टिसॉल बेफाम वाढतं आणि मेंदूचा लगामही सुटतो. प्रतिकारशक्ती कोसळते, पोटात रक्तस्राव होतो, परजीवी माजतात. सेलींच्या उंदरांचं चित्र इथं निसर्गात, दर वर्षी, ठरलेल्या आठवड्यात दिसतं.

पॅसिफिकमधला सॅमन मासाही अंडी घालायला नदीत उलटा चढतो तेव्हा कॉर्टिसॉलनं भरलेला असतो आणि वीण झाली की मरतो. १९६१ मध्ये ओस्वाल्ड रॉबर्टसन यांनी कोकनी जातीच्या सॅमनची प्रजननग्रंथी लहानपणीच काढून टाकली. चार वर्षांच्या आसपास मरणाऱ्या या माशांतले काही आठ वर्षांपर्यंत जगले.

उलट टोक आर्क्टिकमध्ये. तिथला उन्हाळा इतका तोकडा की अंडी घालून पिल्लं वाढवायला एकच संधी असते. तिथं वीण करणारे बरेच पक्षी त्या काळापुरता आपला ताणप्रतिसादच मंद करतात, म्हणजे किरकोळ वादळात घरटं सोडून उडावंसं वाटत नाही.

बबूनांची उतरंड

केनियात रॉबर्ट सपोल्स्की अनेक वर्षं उन्हाळ्यात जाऊन बबून माकडांना फुंकनळीतल्या सुईनं बेशुद्ध करत आणि रक्त घेत. टोळीतली उतरंड स्थिर असेल तेव्हा तळाच्या नरांचं शांत वेळचं संप्रेरक जास्त आढळलं. डेक्सामेथासोन नावाचं कृत्रिम संप्रेरक टोचून त्यांनी मेंदूचा ब्रेकही तपासला. तळाच्या नरांत तो ढिला होता. पण शिखरावर बसणं म्हणजे सुख, असंही नाही. केनियातल्याच अंबोसेली इथं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या क्रमांकाच्या नराचं संप्रेरक तळाच्या नरांइतकंच चढलेलं निघालं. मजेत होता तो दुसऱ्या क्रमांकाचा.

आईची जीभ

काही उंदरीणी पिल्लांना सतत चाटतात, काही जेमतेम. माँट्रियलमध्ये मायकल मीनी यांच्या गटानं १९९७ मध्ये दाखवलं की भरपूर चाटलेली पिल्लं मोठी झाल्यावर कमी घाबरतात, आणि घाबरली तरी लवकर सावरतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये 'पुरे' ऐकणाऱ्या जागा जास्त असतात. रक्ताचं नातं कारण असेल म्हणून पिल्लांची अदलाबदल करून पाहिली. निकाल वाढवणाऱ्या आईनुसार लागला. २००४ मध्ये कारणही सापडलं. पहिल्या आठवड्यातल्या चाटण्यानं त्या जागा बनवणाऱ्या जनुकावरचे रासायनिक शिक्के बदलतात.

न्यूयॉर्कच्या रेजिना सलिव्हन यांचं निरीक्षण याहून हृदयस्पर्शी आहे. आई जवळ असेल तर लहान पिल्लाचं ताण-संप्रेरक वाढतच नाही, आणि त्यामुळे दुखवणारी गोष्टही त्याला भीतिदायक वाटायला शिकवता येत नाही. आई कशी का असेना, तिला चिकटून राहणं पिल्लाला अधिक गरजेचं.

देवमाशाच्या कानातला मळ

पन्नास टनांच्या प्राण्याचं रक्त कोण काढणार? म्हणून बोस्टनच्या रोझलिंड रोलँड यांनी हुंगणारे कुत्रे होडीत बसवले आणि समुद्रावर तरंगणारी राइट व्हेल जातीच्या देवमाशांची विष्ठा गोळा केली. योगायोग असा की काम २००१ मध्ये सुरू होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजांची वर्दळ एकदम थंडावली आणि पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलनं उतरला. त्या दिवसांतल्या विष्ठेत ताण-संप्रेरक कमी भरलं. आधी ज्या पातळीला सगळे 'सामान्य' म्हणत होते, ती जहाजांच्या गोंगाटातली पातळी होती.

देवमाशांच्या कानात मळाचा दट्ट्या साठत जातो, वर्षाकाठी एक-दोन थर. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ जहाजाच्या धडकेनं मेलेल्या निळ्या देवमाशाच्या कानातून निघालेला असाच सुमारे २५ सेंटिमीटरचा दट्ट्या बेलर विद्यापीठात तपासला गेला आणि त्याच्या जन्मापासूनच्या कॉर्टिसॉलची नोंद हाती आली. पुढं २० देवमाशांचे दट्टे जोडून १८७० पासून २०१६ पर्यंतचा आलेख तयार झाला. शिकार वाढली की कॉर्टिसॉल वाढलं, घटली की घटलं. अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा. शिकार थांबल्यातच जमा होती, तरी कॉर्टिसॉल चढलं. पाणबुड्या, स्फोट आणि युद्धनौका त्यांनाही सोसाव्या लागल्या.

वाघ आणि सफारीच्या गाड्या

विष्ठा तपासण्याची युक्ती आपल्याकडे हैदराबादच्या 'लाकोन्स' प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ वाघांसाठी वापरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कान्हा आणि बांधवगड इथल्या वाघांच्या विष्ठेत पर्यटनाच्या हंगामात ताण-संप्रेरकाचे अंश जास्त सापडले, आणि गाड्या वाढतील तसे ते वाढले. त्याआधी राजस्थानातल्या सरिस्कात, रणथंबोरहून आणलेल्या वाघांना पिल्लं होईनात, तेव्हाही माणसांच्या वावराचा आणि चढलेल्या संप्रेरकाचा संबंध दिसला होता. जंगल सफारीला जाणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकलंच पाहिजे. वाघ गाडीसमोर आरामात पहुडलेला दिसतो म्हणजे तो आरामात असतोच असं नाही.

संसर्ग

कॅनडातल्या कॅलगरीत जयदीप बैन्स यांच्या गटानं जोडीनं राहणाऱ्या उंदरांपैकी एकाला बाहेर नेऊन त्रास दिला आणि परत ठेवलं. घरी बसलेला दुसरा उंदीर त्याला हुंगायला गेला. मग त्याच्या मेंदूतल्या सीआरएच पेशींतही तेच बदल झाले, जे त्रास भोगलेल्यात झाले होते. माद्यांमध्ये एक फरक होता. जोडीदाराच्या सहवासात, ताण भोगलेल्या मादीच्या मेंदूतले हे बदल सुमारे निम्म्यावर आले. नरांना तो दिलासा मिळाला नाही.

आणि कुत्रे? स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठानं २०१९ मध्ये बॉर्डर कोली आणि शेटलँड शीपडॉग जातीच्या ५८ कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले. केसात महिनोन् महिन्यांचं कॉर्टिसॉल साठलेलं असतं. मालकिणीचं जास्त तर कुत्र्याचंही जास्त, उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही. कुत्र्याच्या स्वतःच्या स्वभावाचा परिणाम किरकोळ होता, मालकिणीच्या स्वभावाचा मात्र ठळक. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी शिकारी आणि प्राचीन जातींचे कुत्रे तपासले. त्यांचं कॉर्टिसॉल घरच्या माणसाबरोबर असं वरखाली होत नव्हतं. पिढ्यान् पिढ्या माणसाच्या इशाऱ्यावर मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्यातच ते होतं.